उन्हाळ्यातच ओली होणारी भिंत

गुणाबाईला चुना मारायला बोलावलं की ती आधी भांडायची आणि मग कुंचा हातात घ्यायची. कित्येकदा कुंचा घ्यायची पाळीच यायची नाही, भांडणावरच काम आटपायचं. बाई दिघाशीची. अंगानं काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला, बोटांना चुन्यानं भेगा पडलेल्या. नवरा चिंधू भिवंडीत घरं रंगवायचा. तो काविळीनं गेला तेव्हा पोर मैना सहा वर्षांची होती, आणि चिंधूच्या मागं घरात उरलं काय, तर पत्र्याची एक बालदी आणि दोन कुंचे. तेरावं झालं आणि गुणाबाईनं तीच बालदी उचलून भिवंडीची गाडी धरली. बाईमाणूस शिडीवर चढतं म्हणून गावात कुजबुज झाली. "शिडीवर न्हाय चढली तर तुमच्या दारात जेवायला येऊ काय?" असं तिनं पारावर बसलेल्यांना तोंडावर विचारलं. 

तर हिचं भांडण असायचं कशावरून? ओलीवरून.

लोकांना भिंत पांढरी हवी असायची, बस. दिवाळी आलीय, ईद आलीय, पोरीला बघायला पाहुणे येतायत, कोपऱ्यातला तो काळा डाग तेवढा झाकून टाक, वाटल्यास दोन हात जास्त मार. आणि ही बालदी खाली ठेवून विचारायची, "झाकू म्हणजे? आधी सांग, हा आला कुठशी?" समोरची बाई म्हणायची, ते तुला काय करायचंय. झालं, तिथून पुढं सुरू. "गळू झालंय त्याच्यावर पावडर फासतेस काय गं? महिन्याभरात पोपडे निघतील आणि गावभर सांगशील, गुणाबाईचा चुना खोटा."

मग तिची तपासणी चालायची. हाताची मागची बाजू भिंतीला लावायची, कारण तळहात चुन्यानं इतका निबर झाला होता की त्याला गार-गरम कळायचंच नाही. नखानं पोपडा उचलायचा. बोटाच्या पेरानं टकटक करत वरून खाली यायचं, आवाज पोकळ आला की तिथला गिलावा सुटलेला. आणि हे करताना तोंडानं प्रश्न, दवाखान्यात विचारतात तसे. कधीपासून आहे? पावसात वाढतो की पाऊस गेल्यावर? भिंतीपलीकडं काय आहे? मोरी कुठं? इथं कोण झोपतं? त्याला खोकला आहे का?

छपरातून आलेलं पाणी डागाच्या कडेला चहासारखी तपकिरी रेघ सोडतं. जमिनीतून चढलेली ओल गुडघ्याएवढी येऊन थांबते आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो, मिठासारखा. आणि खिडक्या लावून आत स्टोव्ह पेटवला, ओली धुणी दोरीवर टाकली, की कपाटामागं, कोपऱ्यात काळी बुरशी ठिपक्याठिपक्यांनी धरते. तिथं ना कौल फुटलेलं असतं, ना नळ गळत असतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेकडो भिंती खरवडून ते तिच्या डोक्यात बसलं होतं.

भिवंडीत तीन बत्तीजवळच्या एका मास्तरांचं घर होतं. शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी भिंतीत येतं म्हणून मास्तर सात वर्षं शेजाऱ्याशी बोलत नव्हते. गुणाबाईनं अर्धा दिवस टकटक केलं आणि मास्तरांच्याच स्वयंपाकघरातला, भिंतीत गाडलेला नळाचा पाइप काढून दाखवला. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता की नाही? त्यांनी तिला चहासुद्धा न विचारता घालवलं. खरं सांगितलं म्हणून लोक तिच्यावर चिडायचे, आणि लोक चिडले की ती दुप्पट चिडायची.

अशा या तिखट बाईच्या तोंडाला एकाच घरात कुलूप लागायचं. ते घर म्हणजे राहनाळचं, लेकीचं सासर.

शहाऐंशी साली मैनाचं लग्न लडकूशेठच्या लेकाशी, काळूरामशी झालं. लडकू मूळचा भात पिकवणारा. गावात गोदामं येऊ लागली तसा त्यानं रस्त्याकडेचा तुकडा विकला, घराच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड काढली आणि तिच्यात कापड विणायचे चार जुने लूम बसवले. लोक त्याला शेठ म्हणू लागले आणि त्याला ते फार आवडायचं. बायको वारलेली. माणूस वाईट नव्हता, हे गुणाबाईसुद्धा कबूल करायची. सुनेला कधी वेडंवाकडं बोलला नाही, खायला-ल्यायला कमी केलं नाही. पण लूमचा विषय निघाला की त्याला दुसरं काही दिसायचं नाही, आणि काळूराम बापापुढं मान वर करायचा नाही.

घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सुताची पोती आणि सूत गुंडाळलेले बीम, मधे चुलीची खोली, मागची मैना-काळूरामची. या मागच्या खोलीची भिंत तीच शेडची भिंत. दोन्ही शिफ्टला पलीकडं खडखडाट चालायचा. विणून झालेल्या कापडाचे तागेही याच खोलीत, त्याच भिंतीला लागून, जमिनीवर फळ्या टाकून रचलेले असायचे. ते नीट राखायचं काम मैनाचं.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत पहिल्या बाळंतपणाला मैना दिघाशीला आली. मुलगी झाली. मंदा नाव ठेवलं. कुडाचं घर, शेणानं सारवलेल्या भिंती, वारा आरपार. पण पोर बघता बघता अंग धरू लागली. तीन महिन्यांनी काळूराम न्यायला आला. पोरीला काजळ लावून, पायात काळे मणी बांधून गुणाबाईनं तिची पाठवणी केली. पंधरा दिवसांत सांगावा आला, पोरीला खोकला झालाय.

मे महिन्यात गुणाबाई राहनाळला गेली. मानकोली नाक्यावर उतरून चालत निघाली तर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि मागच्या खोलीत पाऊल टाकलं, तर ओल्या गोणपाटाचा वास. तिचा हात आपोआप भिंतीकडं गेला. भिंत गार. गुडघ्याच्याही वर, पार मांडीपर्यंत ओली. कोपऱ्यात काळे ठिपके, आणि त्याच कोपऱ्यात पाळणा. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत फडकी कोंबलेली. लूममधला सुताचा भुसा आत येतो म्हणून ती खिडकी एरवीही बंदच.

"पावसात कवढी ओल येते गं?" तिनं मैनाला विचारलं.

"पावसात कमी असते, आये. उन्हाळ्यातच वाढते."

गुणाबाईनं हात भिंतीवरून काढला नाही. इतक्या भिंती बघितल्या, पण पावसात सुकणारी आणि उन्हात भिजणारी भिंत तिनं कधी बघितली नव्हती. ती मागच्या दारानं शेडमध्ये गेली. तिथं इद्रीस नावाचा, उत्तरेतल्या मऊ गावाकडचा कारीगर लूमच्या मधल्या जागेत बालद्या ओतत होता. खिडक्यांना भिजवलेली गोणपाटं टांगली होती.

"येवढा पानी कायकू डालता हाय?" तिनं ओरडून विचारलं, कारण खडखडाटात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"गरमी में सूत सूख जाता है, अम्मा. टूटता है. पानी मारना पड़ता है."

"और बारिश में?"

"बारिश में काहे को? तब तो हवा में ही पानी रहता है."

तिनं खाली बघितलं. शेडची जमीन भराव टाकून केलेली, घराच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच. आणि उतार? उतार घराकडं. ओतलेलं सगळं पाणी भिंतीच्या पायाशी जाऊन तुंबत होतं आणि मातीत बांधलेल्या जुन्या विटांमधून पलीकडं, पाळण्याखाली उतरत होतं. आंधळ्याला दिसावं इतकं ते उघड होतं.

भिवंडीत कुणाच्या घरी हे सापडलं असतं तर तिनं आळी गोळा केली असती. इथं ती मुलीची आयस. डोक्यावरून पदर घेऊन, जमिनीकडं बघत तिनं व्याह्याला सांगितलं, "शेठ, लूमचा पाणी भिंतीतून आत येतो. पोरीला सोसत न्हाय. पाणी बंद करा, न्हायतर दोघींना पाऊस लागेपर्यंत माझ्याकडं धाडा."

लडकू हसला. "विहीणबाय, लूम पलीकडं, घर अलीकडं. पाणी काय भिंत चढून येतंय? ओल कौलातून येते. आणि आत्ताच तर सून माहेरून आली, परत धाडली तर लोक काय बोलतील?" पण विहिणीचा मान राखायचा म्हणून त्यानं भिवंडीहून एक मेस्त्री आणला. मेस्त्रीनं वर बघितलं आणि कौलं बदला म्हणाला. कौलं बदलली. पाऊस नसलेल्या महिन्यातली ओल घालवायला या शहाण्यांनी छप्पर दुरुस्त केलं, आणि केल्याचा लडकूला अभिमान.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंदा गेली. छातीत कफ भरला होता, असं डॉक्टर म्हणाला. देवाची मर्जी, असं लडकू म्हणाला. मातीला आलेल्या बायकांतली एक दुसरीच्या कानात म्हणाली की आईचं दूधच वाईट असणार. ते मैनानं ऐकलं. गुणाबाईनंही ऐकलं, आणि ती गप्प बसली. व्याह्याचं अंगण, दुःखाचं घर, आपण मुलीकडचे, असं सगळं मनात आणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा राग तिला पुढं जन्मभर पुरला.

त्यानंतरची तीन वर्षं भिवंडीतल्या लोकांनी तिचं डोकं फिरलं असंच धरलं. डाग झाक म्हणणाऱ्या एका शेठाणीच्या अंगणात तिनं भरली बालदी उलटी केली. पाळणा ओल्या भिंतीशी दिसला की घरच्या माणसांना न विचारता तो ओढून खोलीच्या मध्यावर आणायची, फडकी काढून फेकायची, खिडकी उघडायची. काही घरांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. काहींनी मात्र मुद्दाम बोलावलं.

नव्वदच्या डिसेंबरात मैनाला मुलगा झाला. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. दामू नाव ठेवलं. थंडीत पोर बरं होतं. मार्च उजाडला, इद्रीसच्या बालद्या सुरू झाल्या, आणि दामूच्या छातीत सूं सूं वाजू लागलं. गुणाबाई भेटायला आली, पोराच्या पाठीला कान लावला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज तोच होता. मंदाच्या छातीत होता तो.

"ह्या बारीला मी राहणार हाय," तिनं जाहीर केलं. लेकीच्या घरी आई मुक्काम ठोकते म्हणून काळूराम अवघडला, पण त्याला विचारतं कोण.

या वेळी तिला शब्दांत अडकायचं नव्हतं. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. सूत ओळखायला सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ लावणारे, त्याला एक कच्चा गुलाबी रंग लावतात, धुतला की जातो. इद्रीसकडून तिनं त्याची पुडी मागून घेतली. त्यानं कशाला म्हणून विचारलं. तिनं खरं कारण सांगितलं.  "मेरे भी बच्चे हैं, अम्मा," तो म्हणाला आणि पुडी त्यानं स्वतःच बालदीत फोडली. दोन दिवस शेडमध्ये गुलाबी पाणी पडत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत, जमीन आणि भिंत मिळते त्या सांध्यातून, पाळण्यापासून हातभर अंतरावर गुलाबी ओघळ उठला आणि दुपारपर्यंत भिंतीवर वीतभर चढला.

गुणाबाईनं लडकूला हाताला धरूनच आत आणलं. व्याह्याचा हात धरला, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"बघा. हा कौलातून आलाय काय?"

लडकूनं वाकून बघितलं. बोट लावलं, बोट गुलाबी झालं. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "येतंय खरं," तो म्हणाला.

गुणाबाईला वाटलं, सुटलो. बाई इतकी वर्षं माणसांच्या घरांत वावरली आणि तरी तिला असं वाटलं.

"पण विहीणबाय," लडकू पुढं म्हणाला, "पाणी न्हाय मारलं तर सूत तुटतंय. कारीगर बसून राहतात. आता दोनअडीच महिन्यांचा तर प्रश्न. पाऊस लागला की भिंत सुकते, हे तुम्हीच बोलता."

"मंदा दोन महिन्यांतच गेली, शेठ."

"ते आपल्या हातात होतं काय?"

"मग आताच्याला तरी माझ्याकडं द्या. दिघाशीला नेते दोघांना."

"घराचा वारस हाय तो. उन्हातान्हात कुठं हलवता?" आणि शेडमधून कुणीतरी हाक मारली म्हणून तो निघून गेला.

काळूराम दारात उभा होता. गुणाबाईनं जावयाकडं बघितलं. त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. त्या क्षणी तिला बापापेक्षा लेकाचा राग जास्त आला. बापाला निदान लूमचं वेड होतं, या लेकाला कशाचंच नव्हतं. खरं दिसत नाही म्हणून माणसं ऐकत नाहीत, असं ती इतके दिवस समजत होती. आता खरं भिंतीवर गुलाबी रंगात उमटलं होतं, माणूस हो म्हणाला होता, आणि तरी पलीकडं बालदी ओतल्याचा आवाज येत होता. ओलीपेक्षा हे भयंकर होतं आणि याच्यावर तिच्याकडं इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, निदान बुरशी तरी खरवडून काढू, ताजा चुना विझवून भिंतीच्या पायाशी ओतू, पाळणा मधोमध घेऊ. मैना पोराला घेऊन ओसरीत बसली. गुणाबाईनं पदर खोचला आणि भिंतीशी पोचण्यासाठी तागे बाजूला करायला घेतले. वरचे कोरडे होते. सगळ्यात खालचा कलता केला, तर त्याच्या पोटाला काळेकरडे ठिपके. कापडाच्या घड्यांतून आतपर्यंत गेलेले.

तिच्या हातांनी लगेच तो तागा उलटा केला आणि डागाची बाजू खाली, फळीकडं दाबली. डोक्यानं काही सांगायच्या आत हातांनी केलं. आणि मग तिचे हात तिथंच थांबले, कारण हेच त्यांनी याआधी एकदा केलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या त्या मे महिन्यात, कौलं उतरवली जात होती तेव्हा, तिनं याच जागी असाच एक डागाळलेला तागा बघितला होता. तेव्हा तिच्या मनात पहिलं काय आलं, तर मैनाला बोल बसेल. तागे राखायचं काम तिचं. शेठ म्हणेल, सुनेनं माल खराब केला, हिला आयसनं काही शिकवलं न्हाय. म्हणून गुणाबाईनं गुपचूप तो तागा उलटा केला होता, वर दोन चांगले रचले होते, आणि लेकीवरची पीडा टळली म्हणून मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला होता. मुलीची प्रत्येक आई हेच करते. सासरी लेकीची चूक दिसली की पदराआड घालायची, एवढंच तिला येतं.

आता फळीवर हात ठेवून ती तशीच वाकून राहिली, आणि तिला राग आला. कुणाचा राग, ते तिलाही सांगता आलं नसतं. लडकूचा होता, काळूरामचा होता, आणि सगळ्यात जास्त या दोन शहाण्या हातांचा होता.

तिनं तो तागा ओढला. ओला तागा एकट्या बाईला उचलत नाही, म्हणून फरफटत नेला, मधल्या खोलीतून, चुलीजवळून, ओसरीवर. लडकूशेठ तिथं कापड घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर चहा घेत बसला होता. दोघांच्या मधोमध तिनं तागा टाकला आणि लाथेनं उलगडला. पदर डोक्यावर नव्हता.

"हे बघा शेठ," ती म्हणाली. "तुमच्या नातवाच्या छातीत जे झालंय ना, ते तुमच्या कापडाला झालंय. त्याचं तुम्हाला दिसत न्हाय. ह्याचं दिसतंय काय बघा."

व्यापाऱ्याच्या माणसानं कप खाली ठेवला. अंगठ्यानं डाग घासला, कापड नाकाशी नेलं. "ये नहीं चलेगा, सेठ," तो म्हणाला. "बाकी के भी निकालो, देखना पड़ेगा."

लडकूनं आपला कप तसाच टाकला. तो धावत आत गेला, पाठोपाठ काळूराम. गुणाबाई ओसरीवर उभी राहून ऐकत होती. फळ्या आपटल्या, तागे एकेक करून बाहेर आले, पाच खराब निघाले, आणि मग लडकूचा आवाज, जो तिनं मंदाच्या मातीच्या दिवशीही इतका कापताना ऐकला नव्हता. "बंद कर रे ते पाणी. इद्रीस, बंद कर. लूम बंद कर आधी."

खडखडाट थांबला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मैनानं त्या घरात भर दुपारी पाखरांचा आवाज ऐकला.

पुढचे चार दिवस लडकूशेठनं स्वतः टिकाव चालवला. शेडची जमीन फोडली, उतार बाहेरच्या बाजूला काढला, पन्हळ खोदली, भिंतीच्या पायाला सिमेंटचा जाड गिलावा केला. मेस्त्रीला विचारायलासुद्धा गेला नाही. विहीणबाय सांगेल तसं सगळं केलं. बालद्यांच्या जागी हातपंपाचा फवारा आला. कापडाला हवा लागावी म्हणून मागच्या खोलीची खिडकी सताड उघडली. कापडाला, बरं का. बाळाला वारा लागू नये म्हणून जी तीन वर्षं उघडली नव्हती, ती.

भिंत सुकायला महिना लागला. मेच्या मध्यावर गुणाबाईनं तिला चुन्याचे तीन हात दिले. दामूच्या छातीतलं सूं सूं आधी कमी झालं आणि मग गेलं. पोर पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं. लडकू गावातल्या दुसऱ्या लूमवाल्यांना पकडून पकडून सांगायचा, "उतार बाहेर काढा रे, माल सडतोय. आमच्या विहीणबायनं वाचवला माझा माल." तो मनापासून कौतुक करायचा. ते ऐकून गुणाबाईला त्याचा गळा धरावासा वाटायचा. तोंडानं ती फक्त "होय शेठ" म्हणायची, कारण पोर जगलं होतं आणि त्याच घरात वाढायचं होतं.

पावसाळा सरत आला तेव्हा ती एकदा राहनाळला आली. दुपारची वेळ, पुरुष शेडमध्ये. दामू तिच्या मांडीवर बसून तिच्या भेगाळ बोटाशी खेळत होता. मैना समोर लंगोट घडी करत होती. भिंत खडखडीत पांढरी. मैनानं सहज विचारावं तसं विचारलं.

"आये, मंदाच्या वेळंलापण तागे इथंच असायचे ना?"

"इथंच."

"मग तेव्हा न्हाय लागली त्यांना बुरशी?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. मैनानं ते धरलं असतं. तिनं कधी खालचा तागा काढून बघितला नव्हता, ते वजन तिला उचलत नसे. बाहेर खडखडाट चालू होता, मांडीवर पोर हसत होतं, आणि कुणालाही, कधीही कळलं नसतं.

"लागली होती," गुणाबाई म्हणाली. "एका ताग्याला. मी बघितला होता."

मैनाचे हात थांबले.

"तुला बोल बसेल म्हणून मी तो उलटा केला," गुणाबाई म्हणाली. "तुझ्यासाठी केला." आणि हे शेवटचे दोन शब्द तोंडातून निघताच तिला स्वतःची किळस आली.

 हातातली घडी मैनानं पुरी केली, बाकीच्यांवर ठेवली, वरून हात फिरवला. मग उठली, वाकली आणि दामूला आईच्या मांडीवरून उचलून घेतलं. दामूनं आजीचं बोट सोडलं नाही, तर तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"निघ तू आता," ती म्हणाली. "दिघाशीची गाडी चुकेल."

गाडीला अजून तीन तास होते. गुणाबाईनं पिशवी उचलली आणि ती निघाली.